एका जादा ‘वाय’ची कहाणी

पुरुषाच्या पेशींत एक्स आणि वाय अशी लिंगगुणसूत्रांची जोडी असते, हे आपण वर्गात शिकवतो. साधारण हजारात एका मुलाला मात्र एक्सबरोबर दोन वाय मिळतात. पित्याच्या शुक्रपेशी तयार होताना वाय गुणसूत्राच्या दोन प्रती अलग झाल्या नाहीत, की असे घडते. असा पहिला पुरुष १९६१ साली अमेरिकेत सापडला. तो सर्वसाधारण बुद्धीचा, मुलाबाळांचा बाप होता. अपत्याला डाऊन सिंड्रोम असल्यामुळे त्याची तपासणी झाली, एवढेच.

१९६५ साली पॅट्रिशिया जेकब्स आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधील कारस्टेअर्स येथे १९७ पुरुषांची गुणसूत्रे तपासली. धोकादायक मानलेल्या मनोरुग्णांना बंदोबस्तात ठेवण्याचे हे रुग्णालय. तेथे ७ जणांत जादा वाय आढळला. मग त्रैराशिक मांडले गेले: वाय म्हणजे पुरुष, पुरुष म्हणजे आक्रमक, तर दोन वाय म्हणजे दुप्पट आक्रमक! पण बंदिस्त भिंतींबाहेर असे किती पुरुष सुखाने नांदत आहेत, हे तेव्हा पुरेशा मोठ्या संख्येवर कुणी मोजलेलेच नव्हते.

१९६६ साली शिकागोत रिचर्ड स्पेक याने परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलींसह आठ जणींचा खून केला. त्याच्यात जादा वाय आहे, असे १९६८ साली वृत्तपत्रांनी छापले. प्रत्यक्षात त्याची गुणसूत्रे नेहमीसारखीच होती. खुलासा मागे राहिला. बातमी मात्र पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचली.

खरी तपासणी डेन्मार्कमध्ये झाली. कोपनहेगनमध्ये जन्मलेल्या उंच पुरुषांपैकी ४,१३९ जणांची गुणसूत्रे पाहिली गेली. निष्कर्ष १९७६ साली प्रसिद्ध झाले. जादा वाय असलेले १२ निघाले. त्यांपैकी ५ जणांना कधी ना कधी शिक्षा झाली होती. हे प्रमाण इतरांपेक्षा जास्तच. परंतु गुन्हे बहुतेक किरकोळ, मालमत्तेसंबंधीचे होते. हिंसेकडे विशेष कल दिसला नाही. बुद्धिमापनात या पुरुषांचे सरासरी गुण कमी होते. तेव्हा ते जास्त गुन्हे करतात की जास्त वेळा पकडले जातात, हाही प्रश्न उरला.

दरम्यान बॉस्टनमध्ये नवजात मुलग्यांची अशी तपासणी सुरू होती. तिला काही शास्त्रज्ञांनीच हरकत घेतली. आपल्या मुलात ‘गुन्हेगारी’ गुणसूत्र आहे असे समजलेले आईबाप त्याच्या प्रत्येक खोडीकडे कोणत्या नजरेने पाहतील? १९७५ साली नवजातांची तपासणी थांबली.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. गुणसूत्रांचा गंधही नसताना, १८७१ च्या कायद्याने आपल्याकडे जमातीच्या जमाती जन्मावरून गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण वर्गात पेन हरवले की नजर आधी कोणत्या बाकाकडे वळते? गुणसूत्रांचा धडा शिकवताना हेही एकदा स्वतःला विचारून पाहावे.