वही कोणाची?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी मी वही घेऊन माहुलच्या कोळीवाड्यात गेलो होतो. मागे तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या, पुढे खाडीचा चिखल. एका वयस्कर कोळीमामांनी मला भरतीचे गणित सांगितले. तिथीचे पाऊणपट करायचे. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती पूर्ण. हे तर सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे. पण पुढे त्यांनी उधाणाला कुठे जायचे, भांगाला कुठे, कोणत्या जागी कोणती मासळी लागते, तेही सांगितले. वही भरली. निघताना त्यांनी विचारले, ही वही आता कुठे जाणार? मला उत्तर देता आले नाही.

अशी वही भरून नेण्याची रीत जुनी आहे. १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर निघाले. माहुल त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. त्यात सोनकोळ्यांचे वर्णन आहे. माझ्यासारख्या अभ्यासकाला तो खजिनाच. पण ते राज्यकारभारासाठी लिहिले होते. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांची संमती घ्यावी, हा विचार तेव्हा कोणाच्या मनात आला नाही.

मग काहीच लिहू नये का? तसेही नाही. कोणाचे जाळे खाडीत कुठे लागते, हे सात-बाराच्या उताऱ्यावर नसते. १९५०च्या दशकात या भागात तेलशुद्धीकरण कारखाने आले, २०२४ साली शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा सागरी सेतू सुरू झाला. आपले काय गेले हे दाखवायचे, तर कोळ्याला कागद लागतो.

कागदाचे बळ हळदीच्या प्रकरणात दिसले. जखमेवर हळद लावणे हा आपल्या आजीचा उपाय. त्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. कशामुळे? जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवता आले म्हणून. परदेशातील नुसते तोंडी ज्ञान त्या वेळचा अमेरिकी कायदा पुरावा मानत नव्हता. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहू लागले. पण त्याचा मुख्य आधार आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांचे ग्रंथ आहेत. माहुलच्या खाडीचा ग्रंथ नाही.

२००२च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक समित्यांना लोक जैवविविधता नोंदवहीचे काम दिले. उत्तम. वारली चित्रकलेलाही २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्यासाठी डहाणूकडच्या आदिवासी तरुणांच्या संघटनेनेच पुढाकार घेतला होता. ज्यांची कला, त्यांनीच अर्ज करावा, हे मला मानांकनाइतकेच महत्त्वाचे वाटते.

जगभरच्या मूळनिवासी समाजांतील अभ्यासकांनी २०१९ साली चार तत्त्वे मांडली. माहितीचा लाभ समाजाला व्हावा. तिच्यावर समाजाचा अधिकार असावा. वापरणाऱ्याने जबाबदारी घ्यावी. आणि सारे नीतीने व्हावे. ऐकायला साधी आहेत. पण माझी वही त्यांतल्या एकाही कसोटीला उतरत नव्हती.

मी पुन्हा माहुलला गेलो. वहीची झेरॉक्स मामांच्या हाती दिली. त्यांनी ती नातवाकडून वाचून घेतली, दोन ठिकाणी माझ्या चुका काढल्या आणि मासळीच्या जागांची पाने बाहेर द्यायची नाहीत असे सांगितले. ती पाने आता त्यांच्याकडे आहेत. म्हणूनच, श्रोतेहो, त्या जागा कोणत्या, हे मी आज तुम्हाला सांगितलेले नाही. विचारायचे असेल तर माहुलला जा, आणि आधी परवानगी घ्या.