सर्व्हरची स्मृती आणि 'दुपटीचा नियम' : एक ऐतिहासिक आढावा

संगणकाची मुख्य स्मृती अपुरी पडू लागली की तिच्यातील काही भाग तात्पुरता डिस्कवर हलविला जातो. त्यासाठी डिस्कवर राखून ठेवलेल्या जागेस 'स्वॅप' असे म्हणतात. ही जागा मुख्य स्मृतीच्या दुप्पट असावी, हा संकेत सर्व्हर उभारणाऱ्यांनी दीर्घकाळ पाळला. तो कोणत्या परिस्थितीतून आला आणि शेकडो गिगाबाइट स्मृतीच्या सर्व्हरला तो कितपत लागू पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या व्यवस्थेच्या मुळाशी किंमत होती. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेला 'ॲटलास' संगणक डिसेंबर १९६२ मध्ये कार्यान्वित झाला. त्याची महागडी चुंबकीय स्मृती सुमारे १६ हजार शब्दांची, तर फिरत्या ड्रमवरील साठा सुमारे ९६ हजार शब्दांचा होता. ५१२ शब्दांचे एक 'पृष्ठ' याप्रमाणे दोहोंत आपोआप देवाणघेवाण होई आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यास एकच सलग स्मृती भासे. येथे प्रमाण सहापट आहे. म्हणजे दुपटीचा आकडा या कल्पनेबरोबर जन्मलेला नाही.

तो रूढ होण्यास युनिक्सची घडण बरीचशी कारणीभूत दिसते. बर्कले येथे १९७९ मध्ये व्हॅक्स संगणकासाठी सिद्ध झालेल्या युनिक्सच्या परंपरेत प्रोग्रामला स्मृती देतानाच तेवढी स्वॅप जागा आधी राखली जाई. सनओएस ४ मध्येही हाच दंडक होता. स्वॅप स्मृतीहून कमी असेल, तर विकत घेतलेली स्मृती चक्क पडून राही! शिवाय यंत्रणा कोसळली असता स्मृतीची संपूर्ण प्रत स्वॅपमध्येच उतरविली जात असल्याने तेथे निदान स्मृतीइतकी जागा लागे. सोलारिस २ मध्ये स्मृती व डिस्क यांची बेरीज धरली जाऊ लागली आणि पहिले कारण सरले. तरीही जानेवारी २००१ च्या लिनक्स २.४ मध्ये दुपटीचा सल्ला पुन्हा द्यावा लागला, कारण स्मृतीत परत आलेल्या पृष्ठाची स्वॅपमधील जागा लवकर मोकळी होत नसे. सप्टेंबर २००१ मध्ये, २.४.१० या आवृत्तीत, ती स्मृतिव्यवस्थाच बदलण्यात आली.

कारणे गेली, आकडा मात्र राहिला. साधे गणित पाहावे. २५६ गिगाबाइट स्मृतीच्या सर्व्हरला या नियमाने ५१२ गिगाबाइट स्वॅप लागेल. सेकंदाला १०० मेगाबाइट लिहिणाऱ्या डिस्कवर ती भरण्यास जवळजवळ दीड तास जाईल, तेही लेखन सलग झाले तर. एवढ्या वेळात सर्व्हर ना चालतो, ना बंद पडतो. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच ही अवस्था विशद केली होती: चालू कामाला लागणारी पृष्ठे स्मृतीत मावली नाहीत, तर संगणकाचा वेळ त्यांची ने-आण करण्यातच जातो. डिस्कवरील जागा वाढवून ही उणीव भरून निघत नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ च्या मार्गदर्शनात दुपटीचा सल्ला २ गिगाबाइटपर्यंतच्या स्मृतीपुरता उरला. ८ गिगाबाइटच्या पुढे किमान ४ गिगाबाइट स्वॅप पुरेशी मानली गेली.

यावरून स्वॅप अजिबात नको, असे म्हणणेही उतावीळपणाचे होय. सर्व्हर सुरू होताना एकदाच वापरली गेलेली, पुढे स्पर्शही न झालेली पृष्ठे प्रत्येक यंत्रात असतात. ज्यांची प्रत कोणत्याही फाइलमध्ये नाही, अशा पृष्ठांना स्वॅपवाचून स्मृतीबाहेर जाण्यास वाट नसते. मग जागेची निकड पडली की फाइलींची उपयुक्त पृष्ठेच काढून टाकावी लागतात. कुबरनेटिस या प्रणालीने २०१७ पासून स्वॅप चालू असलेल्या यंत्रावर काम सुरू करण्यास मुळातच नकार दिला होता. २०२१ मध्ये तिनेही प्रायोगिक स्वरूपात हे दार किलकिले केले. म्हणून मोठ्या सर्व्हरचे नियोजन करताना स्वॅप किती भरली, यापेक्षा ऐन कामाच्या वेळी दर सेकंदास किती पृष्ठे आत-बाहेर होतात, ही नोंद अधिक उपयोगी ठरते. काही गिगाबाइट स्वॅप भरून शांत पडली असेल, तर चिंतेचे कारण नाही. ही ये-जा सतत चालू असेल, तर स्मृतीच वाढविली पाहिजे किंवा काम कमी केले पाहिजे.