भायखळा ते भोसरी : न सापडलेल्या एका लशीचा इतिहास

लशींचा इतिहास बहुधा विजयगाथा म्हणून सांगितला जातो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी काही महिन्यांतच लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पाठोपाठ भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची चाचणी झाली. या गाथेमागे एक गृहीतक होते : प्लेगमधून काही रुग्ण तरी बरे होतात, अर्थात शरीराला त्या जंतूशी लढता येते. लशीने ती लढाई आधी शिकवायची, एवढेच.

एचआयव्हीने हे गृहीतकच मोडीत काढले. लस दोनेक वर्षांत चाचणीला सज्ज होईल, अशी आशा अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी १९८४ साली व्यक्त केली होती. परंतु हा विषाणू संरक्षक पेशींनाच गाठतो, त्यांच्या गुणसूत्रांत दडून बसतो आणि आपले रूप सतत पालटतो. अत्यंत विरळ अपवाद सोडले, तर कोणाचेही शरीर त्याला आपणहून हुसकावू शकलेले नाही. मग लशीने अनुकरण करायचे ते कशाचे?

हा प्रश्न फेब्रुवारी २००५ मध्ये पुण्याजवळ भोसरीला पोचला. तेथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत भारतातील पहिली एचआयव्ही लस-चाचणी सुरू झाली. भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या ‘सी’ उपप्रकाराची काही जनुके एका निरुपद्रवी विषाणूमार्फत निरोगी स्वयंसेवकांच्या शरीरात पोचवायची, अशी योजना होती. लस सुरक्षित ठरली. मात्र शरीराने तिची पुरेशी दखल घेतली नाही.

या स्वयंसेवकांचे धैर्य निराळ्या जातीचे होते. अशा लशीत संपूर्ण विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यातून लागण संभवत नाही. पण लस घेतलेल्याची प्रतिपिंड-तपासणी होकारार्थी येऊ शकते; आणि ज्या समाजात नुसत्या संशयाने माणूस वाळीत पडतो, तेथे हा धोका वैद्यकीय नव्हे, सामाजिक असतो. भायखळ्याच्या कैद्यापुढे मरणाचे भय होते, भोसरीत येणाऱ्यापुढे लोकापवादाचे.

पुढे २००९ साली थायलंडमधील चाचणीत सुमारे ३१ टक्के संरक्षण दिसले. त्याच मार्गाने जाणारी दक्षिण आफ्रिकेतील चाचणी २०२० मध्ये थांबवावी लागली. २०२५ साली अमेरिकेत सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या प्रतिबंधक इंजेक्शनाला मान्यता मिळाली; पण ते औषध आहे. औषध थांबले की कालांतराने संरक्षण सरते; लस शरीरात स्मृती ठेवून जाते. ती स्मृती कशी घडवावी, हे कोडे अद्याप सुटलेले नाही. भोसरीच्या चाचणीने त्यातली एक वाट बंद असल्याचे दाखवले. विज्ञानाच्या इतिहासात अशा बंद वाटांचीही नोंद व्हावी, कारण पुढचे प्रवासी तिच्याच आधाराने चालतात.