फ्रेंच पॉलिशचे माहेर

पाऊस सरून हवेतली ओल निघून गेली आहे आणि दिवाळीला अजून पंधरवड्याचा अवकाश आहे, अशा आश्विनातल्या एका सकाळी माडीवर वर्षानुवर्षे अडगळीत पडलेली एक आरामखुर्ची मी अंगणात आणून पालथी घातली, आणि स्पिरिटात भिजवलेला कापसाचा बोळा तिच्या मागच्या पायाच्या आतल्या अंगाला, जिथे सहसा कोणाची नजर जात नाही अशा जागी, क्षणभर दाबून धरला. बोळा उचलू गेलो तो चिकटला. सुटला तेव्हा त्यावर विड्याच्या पिंकेसारखा तांबूस-तपकिरी डाग उमटला होता. जुन्या लाकडी सामानाची परीक्षा करणारे लोक पहिल्याने हेच करतात. स्पिरिटाने सुटले ते लाखेचे पॉलिश. स्पिरिटाला न जुमानता थिनरने विरघळले ते अलीकडचे. आणि दोहोंनाही दाद दिली नाही ते त्याहून अलीकडचे, ज्याला खरवडून काढण्यावाचून इलाज नाही. माझी खुर्ची पहिल्या जातीची निघाली. मागच्या आडव्या पट्टीच्या खालच्या बाजूस पांढऱ्या रंगात काढलेला ४७ हा आकडा होता, आणि त्याच्या अलीकडे पुसट झालेली दोन-तीन अक्षरे होती. कोण्या कचेरीतल्या निकामी ठरलेल्या सामानाच्या हर्रासात आजोबांनी ती घेतली, एवढाच तिचा पूर्वेतिहास घरात ठाऊक आहे.

त्या डागाला बाजारात ‘फ्रेंच पॉलिश’ असे नाव आहे. पॉलिशवाल्याच्या तोंडी हे नाव इतके सहज रुळले आहे, की त्यातला ‘फ्रेंच’ हा शब्द पॅरिसहून आला आणि ज्याला तो चिकटला तो पदार्थ मात्र आपल्याच पळसाच्या, बोरीच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवरून तिकडे गेला होता, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. माहेरी परत आलेल्या लेकीला सासरच्या नावाने हाक मारावी, तसा हा प्रकार आहे.

लाख हा एका अतिसूक्ष्म कीटकाचा स्राव. कोवळ्या डहाळीला सोंड लावून रस शोषणारे हे कीटक आपल्या अंगाभोवती राळेचे कवच उभारतात, आणि सहस्रावधी कवचे एकमेकांत मिसळून डहाळीवर तांबडा, खडबडीत थर धरतो. या पदार्थाशी आपला परिचय किती प्राचीन आहे, हे सांगावयास अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातले लाक्षेला उद्देशून रचलेले सूक्त पुरेसे आहे. तेथे ती जखम भरून आणणारी औषधी म्हणून येते. पांडवांना जाळण्यासाठी वारणावतात उभारलेले जतुगृह तर मराठी घरांतल्या पोरासोरांनाही माहीत असते. ज्वालाग्राही, चकचकीत, उष्णतेने मऊ होणारी आणि गार होताच टणक बनणारी ही वस्तू पायाचा अळता, सोनाराच्या पोकळ दागिन्यातले भरण, बांगड्या, सनदा-खलित्यांवरच्या मोहरा, अशा नाना रूपांनी आपल्या संसारात वावरत होती. लाकडावर ती चढवण्याची देशी रीत मात्र आजच्या पॉलिशहून अगदी निराळी होती.

ती रीत एका परक्या माणसाने आपल्यासाठी टिपून ठेवली आहे. यान हाऊखेन फान लिन्सखोतेन हा डच तरुण १५८३ पासून काही वर्षे गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी चाकरीस होता, आणि १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने चरकावर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवून, घर्षणाच्या उष्णतेनेच ती वितळवून, पलंगांच्या खुरांवर आणि खुर्च्यांवर लेप कसा चढवितात, याचे वर्णन केले आहे. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे, पाट आणि खेळणी घडवणाऱ्या कारागिरांकडे ज्याने कुतूहलाने पाहिले असेल, त्याला या वर्णनात अपरिचित असे काही आढळणार नाही. या रीतीत ना स्पिरिट लागते, ना कुंचला; परंतु जे लाकूड चरकावर गोल फिरू शकते, त्यालाच ती लागू पडते. सपाट मेजाला, रुंद कपाटाला, वळणदार हातांच्या खुर्चीला तिचा उपयोग नाही.

आणि खरे सांगावयाचे, तर असले सामान आपल्या घरांत होते तरी कुठे? पेशवाईतल्या वाड्यात बैठक म्हणजे गादी, लोड आणि तक्क्या. जेवणास पाट, पूजेस चौरंग, निजण्यास पलंग, ऐवज ठेवण्यास पेटारा वा हडपा, आणि भिंतीच्या जाडीत बसवलेले फडताळ. माजघरात झोपाळा असला, की सरंजाम पुरा झाला. आपली भाषाच याची साक्षीदार आहे. पाट, चौरंग, पलंग ही नावे संस्कृताच्या वंशातली. खुर्ची अरबी ‘कुर्सी’वरून आली, मेज फारसीतून आले, अलमारीचे मूळ पोर्तुगिजांच्या ‘आर्मारिओ’त आहे, आणि टेबल, कोच, स्टूल हे तर इंग्रजांचे सरळसरळ देणे. ज्या क्रमाने राज्यकर्ते आले, त्याच क्रमाने त्यांची आसनेही आली. जमिनीपासून दीड हात उंच बसावयास शिकणे हे मराठी समाजातले केवढे मोठे स्थित्यंतर होते, याची दखल आपल्या इतिहासकारांनी फारशी घेतली नाही, कारण इतिहासकार स्वतः तोपर्यंत खुर्चीवर बसून लिहू लागले होते.

लाखेचे परदेशगमन पहिल्याने मुख्यतः रंगासाठी झाले. तिच्यातून निघणारा किरमिजी रंग युरोपात खपे, आणि ईस्ट इंडिया कंपनीला त्याचा व्यापार लाभदायक वाटे. पण १८५६ नंतर डांबरापासून कृत्रिम रंग निघू लागले, तेव्हा हा धंदा बसला, आणि लाखेची राळ हाच मुख्य माल होऊन बसला. तिला तिकडे गिऱ्हाईक तयारच होते. स्पिरिटात विरघळवलेली लाख कापसाच्या बोळ्याने पातळ पातळ पुटांनी लाकडावर घासत नेण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच फ्रान्समध्ये रूढ होऊन इंग्लंडात पसरली होती. त्या देशाचे नाव घेऊनच ती साहेबाच्या जहाजातून मुंबईच्या बंदराला लागली.

या पॉलिशसाठी लागणारा चपडा कसा होतो, हे ज्याने एकदा ऐकले, तो जुन्या खुर्चीच्या तकाकीकडे पूर्वीच्या नजरेने पाहू शकत नाही. छोटा नागपूरच्या रानांतून आलेली काडीलाख कुटून, धुऊन तिचे दाणे करतात. हे दाणे लांबच लांब कापडी पिशवीत भरून पिशवीचे एक टोक कोळशाच्या भट्टीसमोर धरतात, दुसऱ्या टोकाशी बसलेला गडी पिशवीला पीळ देत राहतो, आणि कापडाच्या विणीतून वितळलेली लाख मधासारखी पाझरते. ती थापून तिची जाड पोळी केली, की एक कसबी कारागीर धगीसमोर उभा राहून ती हातांत, पायांच्या बोटांत आणि दातांत धरून चहूकडे ताणतो, इतकी की तिचा पारदर्शक पडदा व्हावा. आणि तो गार होताच त्याचा चुरा होतो, तोच चपडा. मिर्झापूर हे या कामाचे मोठे ठाणे होते. १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था निघाली, यावरून या जिनसाचा तेव्हाचा व्याप ध्यानात यावा. त्या काळी तो व्याप केवळ खुर्च्या-टेबलांपुरता नव्हता. विनाइल येईपर्यंत ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्याच मिश्रणाच्या होत. म्हणजे दिवाणखान्यात बालगंधर्वांचा स्वर ज्या पदार्थाने सांभाळला होता, त्याच पदार्थाची झिलई तो ऐकणाऱ्याच्या आरामखुर्चीवर होती.

झिलई लाखेची, तर काया सागाची. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली आणि १८१७ साली पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. यावरून या लाकडाचे आयुष्य किती, याचा अदमास यावा. मलबार आणि कारवारकडच्या रानांवर पडलेला ताण वाढत गेला, तसतशी व्यापाऱ्यांची दृष्टी ब्रह्मदेशाकडे वळली. १८६३ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ने तेथील रानांचे मक्ते घेतले. तोडलेल्या ओंडक्यांची खरी संख्या लपवून कमी महसूल भरला, असा ठपका ठेवून १८८५ साली ब्रह्मी दरबाराने या कंपनीला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड फर्मावला, आणि इंग्रजांना युद्धास हवे होते ते निमित्त सापडले. नोव्हेंबर संपण्यापूर्वी मंडाले पडले. थिबा राजाला पदच्युत करून पुढील वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. १९१० मध्ये त्याच्यासाठी तेथे राजवाडा सिद्ध झाला, आणि १९१६ च्या डिसेंबरात त्याच वाड्यात त्याने देह ठेवला. ज्या सागाच्या हिशेबापायी त्याचे राज्य गेले, त्या सागाच्या खुर्च्या त्याच्या बंदिवासाच्या मुलखात ‘बर्मा टीक’ या नावाने प्रतिष्ठेचे लक्षण मानल्या जात होत्या, हा दैवदुर्विलास विलक्षण आहे. पुढे १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, तेव्हा तो साग यावयाचा थांबला, आणि आलापल्ली-बल्लारशाकडच्या ‘सीपी’ सागाचा भाव वधारला.

असे हे सामान एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याचे राजमार्ग दोन: हर्रास आणि जुना बाजार. बदली होऊन वा पेन्शन घेऊन विलायतेस निघालेला साहेब बंगल्यातले सामान लिलावात काढी, आणि ज्या मेजावर पाव-मस्का कापला गेला, त्यावर पुढच्या महिन्यात कोण्या वकिलाच्या कुळांचे कागद पसरत. कचेऱ्यांचा रिवाज याहून शिस्तीचा. प्रत्येक वस्तूला आकडा, आकड्याची जडवस्तू नोंदवहीत नोंद, आणि ती निरुपयोगी ठरल्यावर साहेबाच्या सहीने हर्रासाचा हुकूम. मुंबईत मटन स्ट्रीटच्या परिसरातला चोर बाजार, ज्याचे मूळ नाव ‘शोर बाजार’ असल्याची आख्यायिका आहे, आणि पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार, येथे शिसवी कोरीव कोच, पितळी कड्यांचे पेटारे, हंड्या, झुंबरे, बिलोरी आरसे यांची जी गर्दी असते, तिच्यात वाडे पडल्याच्या, वाटण्या झाल्याच्या आणि घराणी बसल्याच्या कितीतरी हकिकती मुक्याने उभ्या असतात.

अशी वस्तू घरी आणून नवी करणे हा आज छंद समजला जातो. पूर्वी तो संसाराचा एक नेम होता. दसऱ्यानंतर मिस्त्री येई, ढिले सांधे सरसाने बसवी. वेत विणणारा येई. आणि शेवटी पॉलिशवाला. तो नेमका दिवाळीच्या तोंडावरच येई, याला कारण होते: दमट हवेत लाखेचे पूट पांढुरके पडते, म्हणून पावसाळ्यात तो बोळ्याला हातच लावीत नसे. काचेच्या बरणीत लिटरभर स्पिरिटाला दोनशे ते अडीचशे ग्रॅम चपडा घालून रात्रभर ठेवायचा; जुना थर स्पिरिटाने ओला करून चिंध्यांनी पुसून काढायचा; भेगांतून लांबी भरायची; पॉलिश कागद नेहमी लाकडाच्या रेषेच्या अंगाने चालवायचा, आडवा कधी नाही; आणि मग मलमलीत गुंडाळलेल्या बोळ्याला तेलाचे बोट लावून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वेढे घेत पुटावर पूट चढवीत जायचे. बोळा चालू असताना मध्येच थांबला, की तिथे डाग पडलाच. माझ्या हातून तो दोनदा पडला, आणि दोन्ही वेळा स्पिरिटाच्या एका हाताने निघूनही गेला.

त्या निघून गेलेल्या डागापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. गरम चहाचा पेला ठेवला, की लाखेवर पांढरे कडे उमटते. दारूचा थेंब सांडला, की ती विरघळते. हा तिचा दोष म्हणून सांगितला जातो, आणि त्याच दोषापायी नव्या रासायनिक पॉलिशांनी तिला बाजारातून हुसकले. गोदरेजची पोलादी कपाटे १९२३ पासूनच येऊ लागली होती. पुढे प्लायवूड आणि सनमायका आले, तेव्हा तर झिलई करण्याचाच प्रश्न उरला नाही. परंतु लाखेची ही हार मानण्याची वृत्तीच जुन्या सामानाच्या दीर्घायुष्याचे मर्म आहे. जो थर विरघळतो, तो पुन्हा चढवता येतो. आणि नवे पूट जुन्या पुटात मिसळून एकजीव होते, म्हणून आजोबांच्या हाताखालचे पॉलिश आणि नातवाच्या हातचे पॉलिश यांत सांधा दिसत नाही. कधीच न निघण्याची हमी देणारा लेप एकदा तडकला, की त्याच्याबरोबर वस्तूच टाकावी लागते.

चार दिवसांनी खुर्ची वाळली. तिचे हात, पाय, पाठ, सारे मी नव्याने उजळले. मागच्या पट्टीखालचा तो पांढरा ४७ मात्र तसाच राहू दिला, आणि त्याच्या शेजारी बारीक ब्रशाने या वर्षाचा आकडा घातला. यापुढे कधीतरी कोणी स्पिरिटाचा बोळा घेऊन तिला पालथी घालील, तेव्हा त्याला नोंदवही शोधावी लागू नये.