मिशनरींचे घर व आपली अक्षरे

आपल्या कित्येक घरांतील आजोबा-पणजोबा मिशनच्या शाळेत शिकले. त्यांना शिकविणाऱ्या परदेशी माणसांनाही घरसंसार व मुलेबाळे होती, याचा विचार आपण क्वचितच करतो.

अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस आले. मुलांच्या प्रकृतीसाठी त्यांच्या पत्नी १८२५ साली दोन मुलांसह अमेरिकेस निघाल्या. त्यांपैकी एक मुलगा प्रवासातच वारला. मागे राहिलेले हॉल मार्च १८२६ मध्ये नाशिककडील दौऱ्यावर असता पटकीने गेले. पती-पत्नींची पुन्हा भेट झाली नाही.

स्कॉटलंडचे जॉन विल्सन व त्यांच्या पत्नी मार्गरेट १८२९ साली मुंबईस आले. दोघांनी प्रथम मराठी शिकून घेतली. मार्गरेटबाईंनी संसार सांभाळून मुलींच्या शाळा चालविल्या. १८३२ साली विल्सन यांनी हिब्रू व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले. १८३५ साली मार्गरेटबाई वारल्या. मुलगा अँड्र्यू तेव्हा अगदी लहान होता. पुढे त्यांच्या दोघी बहिणींनी मुंबईस येऊन शाळांचे काम चालविले.

आपण त्यांचा धर्म घ्यावा, ही या लोकांची इच्छा होती. आपल्या पूर्वजांनी शब्बाथ व शेमा सोडला नाही. विद्या मात्र घेतली. आपणही मुलाबाळांसह समुद्र ओलांडून आलो आहोत. नव्या भाषेत संसार उभा करणे म्हणजे काय, हे आपणांस ठाऊक आहे. म्हणून त्यांचा हेतू अमान्य करूनही त्यांचे ऋण मानावयास हरकत नसावी.