कोलंबियाचीं वसतिगृहें आणि भीमराव आंबेडकर

खेड्यांतून वा लहान गांवांतून मोठ्या शहरीं शिकावयास जाणाऱ्या मुलास पुस्तकांच्या आधीं बिऱ्हाडाची चिंता करावी लागते. ओळखीच्या घरीं राहावें, खाणावळीच्या माडीवर खाट टाकावी, चौघांत मिळून खोली घ्यावी कीं कॉलेजच्या वसतिगृहासाठीं अर्ज करावा, याचा खल घरोघर होतो. वडील माणसें भाडें, जेवण आणि अंतर यांचा हिशेब मांडतात. आपल्या मुलास शेजारीं कोण घेईल, हा रकाना त्या हिशेबांत सहसा नसतो. पण पुष्कळदां निकाल त्याच रकान्यावरून लागतो. अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहांचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. त्यांतील एक पान परळच्या चाळींतून तेथें गेलेल्या एका विद्यार्थ्याचें आहे, म्हणून मराठी श्रोत्यांस तर तो परका वाटूं नये.

न्यूयॉर्क शहरीं १७५४ सालीं इंग्लंडच्या राजाच्या सनदेनें किंग्ज कॉलेज स्थापन झालें. सहा वर्षांनीं त्याची स्वतःची इमारत उभी राहिली आणि विद्यार्थी तेथेंच राहूं लागले. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर राजाचें नांव पुसलें गेलें व १७८४ मध्यें कॉलेजास कोलंबिया हें नांव मिळालें. शहर उत्तरेकडे सरकत होतें, त्याच्या मागोमाग कॉलेजही सरकलें. ज्या १८५७ सालीं मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथें विद्यापीठें निघालीं, त्याच सालीं कोलंबिया एकुणपन्नासाव्या रस्त्यालगतच्या जागेंत गेलें. या नव्या जागेंत मात्र विद्यार्थ्यांच्या निवासाची कांहींच सोय नव्हती. पुढें पंचवीस वर्षें अध्यक्षपद भूषविणारे बार्नार्ड यांचें मत तर वसतिगृहांस सर्वस्वी प्रतिकूल होतें. शहरांतील मुलांनीं आईबापांच्या घरून यावें व परत जावें, अशीच तेथील रीत पडली. १८९७ मध्यें विद्यापीठ मॉर्निंगसाइड हाइट्स या टेकडीवर गेलें. तेथें घुमटाचें भव्य ग्रंथालय उभें राहिलें, परंतु विद्यार्थ्यास निजावयास एक खोलीही विद्यापीठापाशीं नव्हती. ग्रंथालयावर एवढा खर्च करावयाचा आणि वाचणाऱ्यानें रात्रीं जावें कोठें याचा विचार करावयाचा नाहीं, ही उणीव केवळ अमेरिकनांचीच आहे असें नव्हे.

१९०२ मध्यें निकोलस मरे बटलर अध्यक्ष झाले. विद्यापीठ केवळ एका शहराचें न राहतां साऱ्या राष्ट्राचें व्हावयाचें, तर दूरच्या विद्यार्थ्यास छप्पर दिलें पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें. १९०५ मध्यें ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यूच्या बाजूस हार्टले हॉल व लिव्हिंग्स्टन हॉल हीं दोन वसतिगृहें उघडलीं. हार्टले यांचें घराणें बंदुका व काडतुसें यांच्या कारखानदारीवर श्रीमंत झालेलें. त्यांच्या नातवानें आणि कन्येनें त्यांच्या स्मरणार्थ ही देणगी दिली. लिव्हिंग्स्टन हे किंग्ज कॉलेजचे जुने विद्यार्थी, स्वातंत्र्यकाळांतील मुत्सद्दी.

इमारती झाल्या, तरी परदेशीय विद्यार्थ्याचें एकाकीपण त्यामुळें गेलें नाहीं. १९०९ मधील एक गोष्ट प्रसिद्ध आहे. हॅरी एडमंड्स नांवाच्या गृहस्थानें ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर भेटलेल्या एका चिनी विद्यार्थ्यास सहज सुप्रभात म्हटलें. तो तरुण थबकला आणि म्हणाला कीं, न्यूयॉर्कला येऊन तीन आठवडे झाले, इतक्या दिवसांत आपणाशीं आपण होऊन बोललेले तुम्हीच पहिले. लाखों माणसांच्या शहरांत तीन आठवडे मौन! एडमंड्स व त्यांची पत्नी रविवारीं अशा विद्यार्थ्यांस घरीं जेवावयास बोलावूं लागलीं. त्यांतून निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थ्यांचा कॉस्मॉपॉलिटन क्लब उभा राहिला, आणि पुढें रॉकफेलर यांच्या द्रव्यसाहाय्यानें १९२४ मध्यें हडसन नदीकांठीं इंटरनॅशनल हाउस हें मोठें निवासस्थान झालें.

ही दोन वसतिगृहें आणि हा क्लब, असे तीनही पर्याय समोर असतां १९१३ च्या जुलै महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांत भीमराव रामजी आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले. वय बावीस वर्षांचें. वडिलांस जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षांकरितां दिली होती, आणि परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करावी असा करार होता. मुंबईंत असतांना बिऱ्हाड निवडण्याचा प्रश्न त्यांच्यापुढें कधीं आलाच नव्हता. परळच्या चाळींत, भांड्याकुंड्यांच्या आणि धुराच्या गर्दींत, वडील मुलास लवकर निजवीत आणि रात्रीं दोन वाजतां अभ्यासास उठवीत. तीच त्यांची अभ्यासिका. एल्फिन्स्टन कॉलेजांत प्रवेश मिळाला होता, पण तेथील उपाहारगृहाचा चालक त्यांस चहा वा पाणी देत नसे.

हा विद्यार्थी प्रथम हार्टले हॉलमध्यें उतरला. तेथें त्यांचें मन रमलें नाहीं. जेवणांत बहुतेक गोमांसाचे पदार्थ असत आणि ते नीट शिजविलेलेही नसत, असें त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनीं नमूद केलें आहे. एका आठवड्यानें भीमरावांनीं आपलें सामान उचललें आणि जवळच एकशेंचौदाव्या रस्त्यावरील कॉस्मॉपॉलिटन क्लबांत बिऱ्हाड केलें. तेथें कांहीं हिंदी विद्यार्थी होते. पुढें तेंही सोडून ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्यें आले आणि नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासमवेत राहूं लागले. 

जागा बदलण्याच्या या हकीगती वरवर क्षुल्लक भासतात. परंतु श्रोत्यांनीं क्षणभर विचार करावा. जेवण रुचलें नाहीं म्हणून एक निवासस्थान सोडावें, सोबत हवी म्हणून दुसरें पाहावें, स्नेह जुळला म्हणून तिसरें पत्करावें. आणि या तीनही ठिकाणीं दार उघडणाऱ्यानें जात विचारूं नये, हा त्या तरुणाच्या आयुष्यांतील अगदीं नवा अनुभव होता. पहिले कांहीं महिने खेळण्यांत व हिंडण्यांत गेले, यांतही नवल नाहीं. नंतर मात्र अभ्यासाची धुंदी चढली. घरीं पैसे पाठवावयाचे म्हणून कॉफीचा पेला, दोन मफिन व मांसाचा किंवा माशाचा एखादा पदार्थ यावर ते जेवण भागवीत, आणि वांचलेल्या पैशांतून जुनीं पुस्तकें विकत घेत. १९१५ मध्यें त्यांस एम्. ए. ची पदवी मिळाली. १९१६ च्या मे महिन्यांत गोल्डनवायझर यांच्या परिषद्‌वर्गांत त्यांनीं हिंदुस्थानांतील जातींवरील निबंध वाचला. जातींचा विचार त्यांनीं पूर्वीं केला नसेल असें नाहीं. पण जेथें जात विचारली जात नव्हती अशा बिऱ्हाडीं राहून तो निबंध सिद्ध झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां १९१७ सालचें बडोदें पाहावें. लंडनचें शिक्षण अर्धवट टाकून करारानुसार आंबेडकर नोकरीवर रुजू होण्यास आले. परदेशांतील वास्तव्यांत आपण अस्पृश्य आहों ही जाणीवच मनांतून पुसली गेली होती, असें त्यांनीं स्वतः लिहिलें आहे. ती पुन्हा जागी झाली ती राहावयाचें कोठें या प्रश्नानें. हिंदु उपाहारगृहें घेणार नाहींत हें ठाऊक होतें. तेव्हां ते एका पारशी धर्मशाळेंत गेले. ती केवळ पारशांसाठीं होती. म्हणून रोज दीड रुपया द्यावा आणि नोंदवहींत पारशी नांव लिहावें, असें रखवालदाराशीं ठरलें. माडीवर एकटें, अडगळीच्या सामानाच्या सोबतीनें, कंदिलाच्या मिणमिणत्या प्रकाशांत त्यांनीं दहा दिवस काढले. अकराव्या दिवशीं सकाळीं ते कचेरीस निघण्याच्या तयारींत असतां काठ्या घेतलेले डझनभर पारशी वर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची त्यांनीं ताकीद दिली. त्यांनीं दोन स्नेह्यांकडे आसरा मागितला. एक हिंदु होता, दुसरा ख्रिस्ती. पहिल्यानें नोकर सोडून जातील अशी अडचण सांगितली. दुसऱ्यानें पत्नीस विचारावें लागेल म्हणून सांगितलें. शेवटीं रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनीं कामाठी बागेंत काढला. संस्थानच्या खर्चानें न्यूयॉर्कला तीन बिऱ्हाडें मिळालीं. त्याच संस्थानच्या राजधानींत एकही मिळूं नये!

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. काठ्या घेऊन आलेले पारशी होते, तसा लिव्हिंग्स्टन हॉलमधील सोबतीही पारशीच होता. भथेना यांचा स्नेह आयुष्यभर टिकला. १९२० मध्यें अपुरें शिक्षण पुरें करण्यास आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले, तेव्हां पांच हजार रुपये कर्जाऊ दिले ते याच मित्रानें.

कोलंबियाचीं दारें सर्वांस सारखींच उघडत असत, असेंही कोणी समजूं नये. १९२१ मध्यें लँग्स्टन ह्यूज हा कृष्णवर्णी तरुण कवि प्रथम वर्षाच्या वर्गांत दाखल झाला. त्यानें मेक्सिकोहून पत्र लिहून हार्टले हॉलमध्यें खोली आधींच राखून ठेवली होती. त्याला समोर उभा पाहतांच कचेरींतील बाई गोंधळली आणि खोल्या शिल्लक नाहींत म्हणूं लागली. बऱ्याच खटपटीनंतर खोली मिळाली. पण ह्यूज तेथें रमला नाहीं, आणि एका वर्षांत त्यानें विद्यापीठ सोडलें. टेकडीखालीं पसरलेली हार्लेमची कृष्णवर्णी वस्तीच त्याला आपली वाटली. १९२४ च्या एप्रिलमध्यें याहूनही वाईट प्रकार घडला. फ्रेडरिक वेल्स हा कायद्याचा कृष्णवर्णी विद्यार्थी फर्नल्ड हॉलमध्यें राहत होता. त्याला काढून टाकावें अशी कांहीं गोऱ्या विद्यार्थ्यांची मागणी होती, आणि एका रात्रीं वसतिगृहासमोरच्या मैदानांत क्रूस पेटविण्यांत आला. विद्यापीठानें त्यास काढलें नाहीं, आणि तोही हटला नाहीं. वर्ण आणि जात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण शेजारच्या खोलींत कोण निजतो यावरून माणसें कशीं बिथरतात, तें दोहींकडे सारखेंच दिसतें. आंबेडकरांस न्यूयॉर्कांत मिळालेली मोकळीक अमेरिकेंतच जन्मलेल्या ह्यूजला मिळाली नाहीं, हें त्या शहराच्या मोठेपणाचें वर्णन करतांना वगळतां येणार नाहीं.

ती दोन जुनीं वसतिगृहें अद्याप उभीं आहेत. हार्टले हॉलचें नांव कायम आहे, लिव्हिंग्स्टन हॉलला आतां वॉलॅक हॉल म्हणतात, आणि तेथें पदवीपूर्व वर्गांचे विद्यार्थी राहतात.

इकडे आंबेडकरांनीं १९२४ च्या जुलैमध्यें मुंबईंत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेनें हातीं घेतलेल्या पहिल्या कामांपैकीं एक म्हणजे अस्पृश्य वर्गांतील शाळकरी मुलांसाठीं वसतिगृह. तें ४ जानेवारी १९२५ रोजीं सोलापुरांत सुरू झालें. मुलांचें जेवण, कपडे आणि लेखनसाहित्य यांचा भार सभेनें उचलला व सोलापूरच्या नगरपालिकेनें दरमहा चाळीस रुपये मदत दिली. मुलांनीं तेथें ‘सरस्वती विलास’ या नांवाचें स्वतःचें मासिकही चालविलें.