मृत्यूची नोंद मागायला जाताना : धाराशिव जिल्ह्यातली रजिस्टरं

सिनॉप्सिसमध्ये "जन्म-मृत्यू नोंदवह्यांचा आधार घेतला जाईल" असं वाक्य आपण सहज लिहून टाकतो. अडचण सुरू होते ती तहसीलच्या रेकॉर्ड रूमच्या दारात. तिथला माणूस दोनच गोष्टी विचारतो: गाव कुठलं आणि साल कुठलं? धाराशिव जिल्ह्यात या दोन्हींची उत्तरं वाटतात तेवढी सरळ नाहीत. ती शोधताना तुमच्या लक्षात येईल की हे रजिस्टर किती माणसं मेली ते सांगत नाही. कुणाच्या मृत्यूची खबर कुणीतरी जाऊन दिली, तेवढंच सांगतं. प्रबंधात हा फरक विसरलात तर पुढची सगळी गणितं चुकतील.

आधी गाव. मृत्यू जिथे घडतो तिथे त्याची नोंद होते. माणूस राहायला कुठे होता याला महत्त्व नाही. तुळजापूर तालुक्यातला माणूस सोलापूरच्या सिव्हिलमध्ये वारला, तर त्याची नोंद सोलापूर महानगरपालिकेकडे असते, गावच्या ग्रामपंचायतीत नसते. आपल्या भागातली माणसं मोठ्या आजारात पिढ्यान्‌पिढ्या सोलापूरला जात आली आहेत. म्हणून एखाद्या गावाच्या रजिस्टरात मृत्यू कमी दिसले की "या गावात मृत्युदर कमी होता" असं लगेच लिहू नका.

जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा 1969 चा. महाराष्ट्रात तो 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला. त्यानंतरच्या नोंदी खेड्यात ग्रामपंचायतीकडे आणि शहरात नगरपरिषदेकडे. त्याआधीचं काही हवं असेल तर ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून उपयोग नाही, तहसीलचा अभिलेख कक्ष गाठा आणि 'गाव नमुना 14' असं नाव घेऊन मागा. "जुनं मृत्यूचं रजिस्टर" म्हटलं की समोरचा गोंधळतो. नमुन्याचा नंबर सांगितला की निदान कपाट तरी उघडतं!

पण कुठल्या तहसीलचं कपाट? जिल्ह्याच्या सीमा सारख्या हलल्या आहेत. लातूर आणि औसा हे तालुके 1982 पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होते. निलंगा, उदगीर, अहमदपूर 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, मग उस्मानाबादेत आले आणि 1982 मध्ये लातूरकडे गेले. म्हणजे 1948 च्या कागदावर 'उस्मानाबाद जिल्हा' लिहिलेलं असेल तर त्यात आजचं लातूर शहर धरायचं, उदगीर मात्र धरायचं नाही. पूर्वीच्या आकड्यांची आजच्या आकड्यांशी तुलना करण्याआधी तालुक्यांची यादी शेजारी मांडून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण मार्गदर्शकाने पहिला प्रश्न इथेच विचारायला हवा.

आता साल. हा भाग सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी कागदांवर फसली साल चालायचं. फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आझूर महिन्याने सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखेसाठी फसली सालात 590 मिळवा, जानेवारीपासून पुढे 591. पडताळा घ्यायचा तर हैदराबादचा जहागिरी रद्द करण्याचा कायदा पाहा. त्याच्या नावात 1358 फसली आहे आणि तो ऑगस्ट 1949 चा आहे. 1358 मध्ये 591 मिळवले की 1949. सरकारी भाषा 1880 च्या दशकापर्यंत फारसी होती, मग उर्दू झाली. गावपातळीच्या कागदांत मोडीही भेटते. वाचणारा माणूस सोबत नसेल तर त्या दिवशी फक्त रजिस्टरांची यादी करून या.

हा फसलीचा हिशेब कुठे अडतो ते बघा. 13 ते 17 सप्टेंबर 1948 दरम्यान पोलीस अ‍ॅक्शन झाली. ते दिवस येतात 1357 फसलीच्या शेवटच्या महिन्यात, आबानमध्ये. तीन आठवड्यांनी 1358 सुरू होतं. नंतरचा हिंसाचार शोधणाऱ्याने फक्त '1357' ची वही मागितली, तर ऑक्टोबरचे दिवस त्याच्या हातात येणारच नाहीत.

या दिवसांविषयी जपून आणि स्पष्ट बोलायला हवं. आधी रझाकारांनी या भागात जे केलं, त्याच्या आठवणी इथल्या गावागावांत आहेत. त्यानंतर मुस्लिम वस्त्यांवर जे झालं ते पाहायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवलं. नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये ते हैदराबाद संस्थानात फिरले. सर्वाधिक झळ बसलेले म्हणून त्यांनी चार जिल्हे सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. हेच जिल्हे आधी रझाकारांचे बालेकिल्ले होते आणि त्यांचा त्रास इथल्या लोकांनीच सर्वाधिक सोसला होता, हेही अहवाल नोंदवतो. पूर्ण संस्थानात 27,000 ते 40,000 माणसं मेली असावीत आणि त्यातली किमान 18,000 या चार जिल्ह्यांत, असा त्यांचा अंदाज. सरकारने अहवाल प्रसिद्ध केला नाही. त्याचा मजकूर ए. जी. नूरानी यांच्या 2013 च्या पुस्तकात मिळतो.

हे आकडे अंदाज आहेत, त्यांच्यामागे नावांची यादी नाही. मग प्रश्न पडतो: ज्या गावातून माणसं मारली गेली किंवा पळून गेली, तिथे खबर द्यायला कोण जाणार? मारणाऱ्यांपैकी कुणी जाणार नाही, वाचलेला गावात नाही. म्हणून त्या महिन्यांची पानं कोरी निघाली तर तो "काही घडलं नाही" याचा पुरावा धरता येत नाही. कोऱ्या पानांच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांत महिन्याला साधारण किती नोंदी होत होत्या ते मोजा. एरवी नियमित चालणारी वही त्याच दिवसांत थांबली असेल, तर ते थांबणं प्रबंधात लिहिण्यासारखं आहे.

आता अर्ज. कायद्याच्या कलम 17 प्रमाणे कुणीही नोंदवहीत शोध घ्यायला सांगू शकतो आणि उतारा मागू शकतो. त्यासाठी नातेवाईक असावं लागत नाही. अर्जात नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, मृत्यूचं ठिकाण आणि सालाचा पट्टा लिहा. एकच तारीख देऊ नका, 'अमुक ते तमुक' असं द्या. बारनिशीत अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी "उद्या या" वर विसंबू नका. सुरुवातीलाच स्पष्ट सांगा की तुम्हाला असलेली नोंद शोधायची आहे, नवी करायची नाही. एका वर्षापेक्षा जुन्या मृत्यूची नव्याने नोंद करायला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. 2025 मध्ये राज्यात उशिराच्या दाखल्यांवरून बराच गदारोळ झाला, तेव्हापासून 'जुना मृत्यू' म्हटलं की कर्मचारी सावध होतात. त्यांचंही चुकत नाही.

कलम 17 मध्येच एक मेख आहे. उताऱ्यात मृत्यूचं कारण द्यायचं नाही, असं तिथे लिहिलंय. साथीचे रोग, बाळंतपणातले मृत्यू किंवा शेतकरी आत्महत्या हा तुमचा विषय असेल तर नुसत्या दाखल्यांनी काही हाती लागणार नाही. आजच्या पद्धतीत मृत्यूच्या खबरीचा फॉर्म दोन भागांत असतो. नाव-पत्त्याचा कायदेशीर भाग निबंधकाकडे राहतो. धर्म, व्यवसाय, वैद्यकीय उपचार, कारण हे सगळं असलेला सांख्यिकी भाग वर पाठवला जातो. संशोधकाला हवं ते नेमकं त्या दुसऱ्या भागात! तिथे नावांशिवायची, गोषवाऱ्याच्या स्वरूपातली माहिती मागावी लागते. माहिती अधिकाराचा मार्गही आहे. त्या कायद्याच्या कलम 8(3) नुसार 20 वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती केवळ 'खाजगी' म्हणून नाकारता येत नाही. अर्जात हे कलम लिहाच.

2023 पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्यातले जुने कागद मोठ्या प्रमाणावर बाहेर निघाले, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदीही आहेत. स्कॅन मिळतात म्हणून हुरळून जाऊ नका. ती पानं 'कुणबी' शब्द शोधण्यासाठी निवडली होती. एखादं नाव सापडायला त्यांचा उपयोग होईल, पण गावात एकूण किती मृत्यू झाले याची मोजणी त्यांच्यावरून करता येणार नाही.

खबर देणारंच उरलं नाही तर काय होतं, याचं जवळचं उदाहरण म्हणजे 30 सप्टेंबर 1993. पहाटे 3:56 ला किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण आपल्या जिल्ह्यातलं सास्तूरही जमीनदोस्त झालं. दोन्ही जिल्ह्यांतल्या मृतांचा अधिकृत आकडा 7,928 सांगितला जातो, इतर अंदाज दहा हजारांच्या आसपास जातात. कित्येक घरांत कुणीच मागे राहिलं नाही. इथे नोंदवहीच्या जोडीला मदतवाटपाच्या आणि पुनर्वसनाच्या याद्या बघा; 52 गावं नव्या जागी वसवली गेली, त्यांचे कागद महसूल खात्याकडे तयार झाले. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होतं, आज ते लोहारा तालुक्यात आहे. चौकशी दोन्हीकडे करा. आणि एक लक्षात ठेवा: मदतीची यादी मागे राहिलेल्यांच्या नावाने बनते. संपूर्ण घर गेलं असेल तर ते यादीत दिसेलच असं नाही.

नोंदवही काहीच देत नसेल तेव्हा तलाठी कार्यालयातले फेरफार आणि गाव नमुना 6-क, म्हणजे वारसांची नोंदवही, काढा. "अमुक मयत, वारस तमुक" अशी ओळ तिथे मिळते. ही ओळ जमीन असलेल्यांचीच. भूमिहीन मजूर आणि जिच्या नावावर सातबारा नाही अशी बाई तिथे मरत नाही, कारण कागदावर ती कधी आलेलीच नसते. या दोघांसाठी शाळेचं रजिस्टर, रेशनकार्डावरची नावकमी, मतदार याद्या आणि शेवटी म्हातारी माणसं.

शोधूनही नाव सापडलं नाही तर रिकाम्या हाताने परत येऊ नका. निबंधकाकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र मागा. नमुना 10 म्हणतात त्याला. त्यावर कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत शोध घेतला ते लिहिलेलं आहे ना, हे तिथेच खिडकीपाशी उभं राहून तपासा. साल चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या, दुसऱ्या दिवशी तोच माणूस त्या टेबलावर असेल याची खात्री नसते.